झुरळांचं एकवचन

थोर कला दुःखातून जन्मते, याबद्दल सुशिक्षित जगात आता दुमत उरलेलं नाही. ते दुःख नेमकं कोणी करायचं एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि आमच्या सेंत-ओरेल नगरपालिकेने तो समाधानकारकरीत्या सोडवला आहे. आमच्याकडे त्यासाठी मादाम ओनोरीन तेसिए आहेत. (होत्या. पण ते पुढे येईलच.)

दुःखावर चालणारं गाव बाहेरून फार टवटवीत दिसतं. ओनोरीनबाईंच्या चित्रांचं संग्रहालय चौकात आहे. त्याच्यासमोर चिनारांच्या सावलीत उपाहारगृहं आहेत आणि तिथे दुपारी 'खिन्न भोजन' मिळतं (काळे ऑलिव्ह, खारवलेली मासळी, लाल वाइनचा एक पेला, गोड हवं असल्यास वेगळे पैसे). संग्रहालयात शिरताना प्रेक्षकाच्या हातात एक कागद दिला जातो. त्यात रंगांचे अर्थ दिलेले असतात. पिवळा म्हणजे आक्रोश. काळा म्हणजे तोच, पण दाबलेला. हिरव्याबद्दल अजून एकमत नाही. कोरी सोडलेली जागा म्हणजे बोलवत नाही इतकं. प्रेक्षक तो कागद वाचतात, चित्राकडे पाहतात, पुन्हा कागदाकडे पाहतात आणि खिन्न होऊन जेवायला जातात. मी या संग्रहालयाचा चिटणीस आहे आणि या व्यवस्थेत मला आजवर एकही खोट सापडलेली नाही.

बाईंची सर्वांत नावाजलेली चित्रं म्हणजे 'काफार' ही मालिका. पिवळी भिंत, आणि त्या भिंतीवर सैरावैरा पळणारे काळे फटकारे. लोक लांबलांबून ती बघायला येतात आणि काही जण तिथे रडतात. (रडणाऱ्यांसाठी बाकाची सोय केलेली आहे.)

इथे थोडं व्याकरण सांगणं भाग आहे. आमच्या फ्रेंच भाषेत झुरळाला काफार म्हणतात, आणि मनावर मळभ दाटतं त्यालाही काफारच म्हणतात. झुरळं एकाहून जास्त असली तर शब्दाच्या शेवटी एक स लागतो, पण तो आम्ही नुसता लिहितो, उच्चारत नाही. (आम्ही बरीच अक्षरं अशी ठेवली आहेत, बाहेरच्या खोलीतल्या चांगल्या खुर्च्यांसारखी. असायला हवीत, पण त्यांवर बसायचं नाही.) त्यामुळे एखादी बाई नुसतं 'काफार' म्हणाली, तर तिचं मन खचलंय की तिच्या ओट्याखाली किडे झालेत, हे ऐकणाऱ्याने आपापल्या शिक्षणानुसार ठरवायचं असतं.

प्राध्यापक एमेरिक व्हिदाल यांचं शिक्षण पुष्कळ झालेलं आहे. बाईंचं पहिलं प्रदर्शन नगरपालिकेच्या सभागृहात भरलं, तेव्हा ते पॅरिसहून सुट्टीवर आले होते. त्यांनी बाईंना गाठून विचारलं, "मादाम, हे काळं काळं जे दिसतंय, ते काय आहे?" बाईंच्या तोंडात पावाचा तुकडा होता. "काफार," त्या म्हणाल्या, आणि प्राध्यापकांना झुरळासारखं झटकून पेला भरून घ्यायला गेल्या. प्राध्यापक जागच्या जागी उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले. पुढच्याच महिन्यात त्यांनी एका भारदस्त मासिकात असा काही लेख लिहिला की बाई प्रसिद्ध झाल्या, गाव प्रसिद्ध झालं, आणि चित्रांच्या छापील सूचीतून तो शेवटचा स कायमचा निघून गेला.

बाई बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. खाली भट्टीची ऊब आणि पीठ, तेव्हा वर झुरळं व्हायचीच. स्वयंपाकघराची भिंत पिवळी होती. दिवा लावला की ती झुरळं जी पळायची, ती पळापळ बघून बाईंना हसू यायचं, आणि हसता हसता त्यांनी ती चितारली होती. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीतल्या कोणालाच समीक्षा लिहायची सवय नव्हती.

आता, बाई आजारी पडत नसत असं कोणी म्हणू नये. पडत आणि चांगल्याच पडत. दर काही वर्षांनी त्यांच्यावर ते मळभ उतरायचं. मग खिडक्यांची दारं बंद, केसांना फणी नाही, अंगावरचा झगा आठवडाभर तोच. त्या महिन्यांत त्यांनी एक रेघही ओढल्याचं कोणाला आठवत नाही. आमच्या संग्रहालयातलं एकूण एक चित्र बाई ठणठणीत असतानाचं आहे, म्हणजे भरपूर लसूण घालून जेवत असतानाचं, चौकात लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळताना पंचांशी भांडत असतानाचं. ही बाब सूचीत योग्य प्रकारे मांडलेली आहे. आजारपणाच्या महिन्यांना तिथे 'महामौनाचा काळ' असं नाव दिलं असून त्यासाठी एक स्वतंत्र, रिकामं दालन आहे.

मग आमच्या गावात डॉक्टर मिरेय कास्तां आल्या आणि त्यांनी गावाचं वाटोळं केलं. त्यांनी बाईंना औषध सुरू केलं, दर गुरुवारी समोर बसवून बोलतं केलं, आणि बाई बऱ्या झाल्या. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, मळभ काही आलं नाही. बाई सकाळी खिडकीतून गाणं म्हणू लागल्या. आणि त्यांनी नवीन मालिका काढली ती वांग्यांची. जांभळी, तुकतुकीत, एकमेकांना टेकून बसलेली वांगी. एकाने तर टोपी घातली होती. (वांग्याचा देठ टोपीसारखा असतोच, पण इथे हेतू स्पष्ट दिसत होता.)

आम्ही प्रेक्षकांची पाहणी केली. शंभरांतल्या एकाहत्तर जणांनी 'बाईंना अजून त्रास होतो ना?' असं काळजीने विचारलं. चोवीस जण काही बोलले नाहीत, पण वांग्यांसमोर त्यांचे चेहरे पडले. उरलेले पाच जण स्वच्छतागृह शोधत होते. परिस्थिती गंभीर आहे हे ओळखून नगरपालिकेने भावना-संवर्धन समिती नेमली. प्राध्यापक व्हिदाल अध्यक्ष आणि मी चिटणीस. पुढच्या शरद ऋतूत भव्य प्रदर्शन ठरलं होतं, उद्घाटनाला खुद्द मंत्रीणबाई यायच्या होत्या, आणि अशा प्रसंगी टोपीवालं वांगं टांगणं बरं दिसलं नसतं.

समिती प्रथम डॉक्टरांकडे गेली.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" डॉक्टर म्हणाल्या. "बाई परत आजारी पडायला हवीय?"

"छे छे, आजारी कशाला?" प्राध्यापक म्हणाले. "आम्ही काय राक्षस आहोत? फक्त थोडी कमी बरी. औषध एक दिवसाआड दिलं तर?"

"आणि तुमच्या छातीचं औषध मी एक दिवसाआड दिलं तर?"

"माझी गोष्ट वेगळी आहे, डॉक्टर. माझ्या छातीतून काही निर्माण होत नाही."

डॉक्टरांनी आम्हाला दार दाखवलं. शास्त्राची आणि कलेची अशी फारकत झालेली पाहून प्राध्यापक जिना उतरेपर्यंत हळहळत होते.

औषध थांबवणं आमच्या अधिकारात नव्हतं, तेव्हा समितीने अधिकारात असलेल्या गोष्टींकडे लक्ष वळवलं. गोळ्यांच्या खेळाची जागा पर्यटकांच्या बससाठी घेण्यात आली. बाई जिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करत, ते बाक दुरुस्तीला गेलं ते गेलंच. शेजाऱ्यांना विनंती करण्यात आली की बाईंशी बोलावं, पण गप्पा मारू नयेत. बेकरीवाला त्यांना रोज एक खमंग विनोद सांगायचा. त्याला दुकानाच्या परवान्याची आठवण करून देण्यात आली. हे सारं अतिशय अदबीने, कोणालाही न दुखावता पार पडलं. सेंत-ओरेलमध्ये आजवर एवढी एकी मी कशातच पाहिली नव्हती.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी बाई समितीच्या बैठकीत घुसल्या. काखेत 'काफार' मालिकेतलं एक चित्र होतं. बाई वाळल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता.

"काय रे, भुतांनो, काय चालवलंय तुम्ही? माझ्याशी कोणी दोन शब्द बोलेना झालंय!"

"मादाम, तुमचा एकांत म्हणजे..." प्राध्यापकांनी सुरुवात केली.

"खड्ड्यात गेला एकांत! तो एमिल बेकरीवाला मला पाव देताना कोर्टात साक्ष दिल्यासारखा उभा राहतो. आणि हे बघा." त्यांनी चित्र उलटं करून टेबलावर आपटलं. मागे त्यांच्याच अक्षरात नाव लिहिलेलं होतं, आणि नावाच्या शेवटी ठसठशीत स होता. "किडे आहेत ते, किडे! सहा पायांचे! माझ्या स्वयंपाकघरातले! मला मजा वाटली म्हणून काढले. आजारी असताना मला दात घासायचा ब्रश उचलवत नाही, कुंचल्याच्या गोष्टी काय सांगता? आजार कसा असतो माहितीय? आजारात काही नसतं. नुसतं काही नसतं. मला तिकडे परत जायचं नाहीये रे."

शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या. मग प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की आपल्या कलेचा अर्थ कलावंताला सर्वांत शेवटी कळतो, पुष्कळदा कळतही नाही. बाई चित्र तिथेच टाकून निघून गेल्या. समितीने दोन ठराव केले. पहिला, तो स मागाहून कोणीतरी घातला असावा. दुसरा, मंत्रीणबाई कलावंताचं घर बघायला जाणार असल्याने कीटकनाशकवाल्याला तयार ठेवावं.

प्रदर्शनाला आठवडा उरला होता. बाहेर मिस्त्राल वारा सुटला होता, चिनारांची पानं चौकभर पळत होती. दुपारी संग्रहालयात फोन वाजला आणि तो प्राध्यापकांनी उचलला. पलीकडे ओनोरीनबाई होत्या. एक शब्द बोलायला त्यांना बराच वेळ लागला असावा, कारण प्राध्यापक दोनदा 'हं? हं?' म्हणाले.

"काफार?" ते मग म्हणाले. "हो, हो, समजलं मादाम. आत्ता माणूस पाठवतो. अजिबात काळजी करू नका." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "किडे झालेत परत. त्या कीटकनाशकवाल्या रुफला पिटाळा."

या वेळी त्यांनी अनेकवचन ऐकलं होतं. विद्वान माणूस तीच चूक दोनदा करत नाही.

रुफ पाठीवर औषधाची टाकी लावून गेला आणि तासाभराने परत आला.

"झुरळं नाहीत, साहेब. एकसुद्धा नाही. तरी मारलं सगळीकडे, सांगितलं होतं म्हणून."

"आणि मादाम?"

"बसल्यात. खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून. अंगात कोट, पायात काही नाही. मी म्हटलं, मादाम, पाय जरा वर घ्या, खुर्चीखाली मारायचंय. तर घेतले." रुफने टोपी काढली. "मी मारलं, पुढे गेलो, काम संपवलं, जिना उतरलो. आत्ता इथे येताना आठवलं, पाय खाली ठेवा म्हणायचं राहूनच गेलं."

प्राध्यापकांचे डोळे पाणावले. "भिंतीकडे तोंड करून," ते पुटपुटले. "पिवळ्या भिंतीकडे?" आणि त्यांनी छायाचित्रकाराला बोलावणं धाडलं.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कार्यवृत्तात त्यासाठी रकाना नसल्याने मी बाहेर गेलो आणि डॉक्टर कास्तांना फोन लावला. डॉक्टर बाईंच्या घरी पोचल्या तेव्हा छायाचित्रकार अजून गाडी लावायला जागा शोधत होता (गोळ्यांच्या मैदानात बस उभ्या होत्या). डॉक्टरांनी बाईंचे पाय हाताने धरून खाली ठेवले, त्यांना चपला घातल्या, आणि आपल्या गाडीतून रुग्णालयात नेलं.

प्रदर्शन अभूतपूर्व यशस्वी झालं. ती खुर्ची आता महामौनाच्या दालनात आहे. तिच्यासमोर स्वयंपाकघरातून काढून आणलेल्या पिवळ्या भिंतीवर रुफच्या फवाऱ्याचे ओघळ आहेत आणि समितीच्या मते बाईंच्या अखेरच्या कालखंडातलं ते सर्वश्रेष्ठ काम आहे. रडणाऱ्यांसाठी दुसरं बाक मागवावं लागलं.

आणि बाई? मागच्या वसंतात त्या रुग्णालयातून बाहेर आल्या त्या थेट समुद्रकाठी बहिणीकडे राहायला गेल्या. मासेमारांच्या होड्यांवर नावं रंगवून देतात. गुरुवारी डॉक्टरांशी फोनवर बोलतात. मी एका रविवारी त्यांना भेटलो. त्यांनी मला माशांचं सूप वाढलं, वर लसूण लावलेला पाव दिला, आणि माझ्या बुटांवरून माझी यथेच्छ थट्टा केली. दारामागे नवीन चित्रं होती. वांगीच. या वेळी दोघांना टोप्या होत्या.

"गावात सांग, मेली म्हणून," निघताना त्या हसत म्हणाल्या. "धंदा वाढेल मेल्यांचा."

मी हा प्रस्ताव समितीपुढे ठेवला आणि तो एकमताने संमत झाला. अगदी वरचं ते कंसातलं 'होत्या' त्यातूनच आलं आहे. तो शब्द वाचल्यापासून तुम्ही वाट पाहत होता. बाई पाय वर धरून बसल्या तेव्हा तुम्ही भराभर वाचू लागलात, आणि त्या जिवंत आहेत, सूप करतात, वांगी रंगवतात हे कळल्यावर तुमचा किंचित हिरमोड झाला. लाजू नका, हे रसिकतेचं लक्षण आहे. आमच्या समितीवर एक जागा रिकामी आहे. तुम्हाला अर्ज करावा लागणार नाही.