तिसऱ्या पंगतीचं आवतन

किशनतात्या बिनआवतनाचे कुठंही जात नाहीत. कुठंही म्हणजे कुठंही नाही. चुलतभावाचं घर यांच्या घराला लागून, मधे फक्त एक भिंत. पण तिकडं सत्यनारायण असला आणि कुणी येऊन ‘तात्या, चला’ म्हटलं नाही, तर हे भिंतीच्या अलीकडं बसून आरती ऐकतात, टाळ्याही वाजवतात, आणि भिंतीवरून प्रसाद आला तर तो आल्या वाटेनं परत पाठवतात. एकदा ग्रामपंचायतीनं यांचाच सत्कार ठेवला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. सरपंच हार घेऊन तासभर ताटकळले आणि तात्या इस्त्रीचं धोतर नेसून आपल्या ओट्यावर बसलेले. शेवटी माणूस बोलवायला गेला, तर म्हणतात, "फळ्यावर लिवलंय म्हंता, पण फळा आला होता का माझ्या दारात?"

असा माणूस दुसऱ्याला आवतन द्यायला निघाला की मात्र बघत राहावं. गावात लग्न असो, बारसं असो, जावळ असो, आवतन तात्याच देणार. खांद्यावर उपरणं, हातात अक्षतांची वाटी. कुणाच्या घरी आधी म्हातारीला सांगायचं, कुठं सुनेचं नाव घेतल्याशिवाय चालत नाही, कोण कुणावर किती वर्षांपासून रुसलंय, सगळं तोंडपाठ. मोमीन गल्लीत गेले की ‘दावत कबूल करा’ म्हणतात. बौद्धवाड्यात आमच्या दारात येतात तेव्हा अक्षतांची वाटी उपरण्यात झाकतात आणि मोठ्यानं ‘जयभीम, सिस्टरबाई’ म्हणतात. रीत ज्याची त्याची, पण आवतन प्रत्येकाला. "कारड म्हंजे कागद हो बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आवतन म्हंजे मानूस."

मी या गावच्या उपकेंद्राची सिस्टर. माहेर नांदेडचं, नोकरी लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात, आणि स्वभाव, आमच्या सासूबाईंच्या शब्दांत, ‘मिरचीचा’. त्या कमीच बोलल्या असं माझं मत आहे.

करोनाची लस आली तेव्हा कुणाला आधी आणि कुणाला नंतर, यावर पारावर रोज वाद. दवाखान्यातली माणसं आधी, मग पोलीस आणि तहसीलवाले, मग साठीच्या पुढचे, मग पंचेचाळीसचे, आणि पोरंसोरं शेवटी. मी फळ्यावर तक्ता काढून समजावला, कुणाला कळला नाही. तात्यांनी दोन मिनिटांत समजावला. "ह्ये बगा, पंगती हायत. पयली पंगत वाढप्यांची, कारन वाढपी उपाशी पडला तर वाढनार कोन? दुसरी पंगत बंदोबस्ताची. तिसरी म्हाताऱ्यांची. मागची पोरं मागं, उगा पत्रावळी वाजवू नका." गावाला पटलं. मलाही पटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

तिसऱ्या पंगतीचा पहिला दिवस उजाडला. मी पहाटे उठून डबा घेऊन निघालेली, खुर्च्या मांडलेल्या, लसीची पेटी आलेली. एक कुपी फोडली की चार तासांत दहा माणसं लागतात, नाहीतर उरलेली लस फेकायची. आले किती? तीन. त्यातला एक बी.पी.ची गोळी मागायला आलेला. आदल्या दिवशी गावभर भोंगा फिरवला होता हो! घसा बसला होता माझा. मी अशी भडकले, अशी भडकले, की आमच्या आशाताई मास्क नीट करायच्या बहाण्यानं मागच्या खोलीत गेल्या.

कुंपणाबाहेर तात्या उभे. आत येत नव्हते, अर्थातच.

"या की आत!" मी ओरडले.

"आता बोलावलं तर येतो." आत आले, टेकले. "बाई, राग मानू नका. भोंग्यानं काय सांगतेत? म्हैस हरवली तर भोंग्यानं सांगतेत. तुमी म्हाताऱ्या मान्सांना भोंग्यानं बोलावून राहिलात. कोन येईल?"

"मग काय करू? घरोघरी पाया पडू?"

"तुमी नगा. मी जातो."

आणि गेले. दोन दिवस उन्हातान्हात, उपरणं टाकून, वाटी घेऊन. ‘मंगळवारी उपकेंद्रावर तिसरी पंगत हाय, घरच्या थोरामोठ्यांनी अगत्यानं यावं.’ काय सांगू तुम्हाला, मंगळवारी मी दार उघडलं तर बाहेर लग्नघर! फेटे काय, ठेवणीतली लुगडी काय, एका आजीनं चक्क नथ घातलेली, मास्कच्या वर नथ! गफूरचाचा अत्तर लावून आले होते. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातात नारळ ठेवला आणि विचारलं, "नवरदेव कुठं हाय?" मी सुईकडं बोट दाखवलं. तात्यांनी सगळ्यांना वयानं बसवलं आणि कुणाची तक्रार आली नाही. दुपारी दोनच्या आत मी तीन कुप्या संपवल्या आणि चौथीसाठी तालुक्याला फोन लावला. त्या दिवशी घरी जाताना मी गाणं म्हणत गेले.

आता इथं सुरेखाला आणावं लागतं. सुरेखा माझी नर्सिंगची मैत्रीण, नोकरीला नांदेड जिल्ह्यात, भोकर तालुक्यातल्या एका खेड्यावर. रोज पाच वाजता आमचा फोन. खरं तर चढाओढच. पहिल्या दोन पंगतींत तिनं मला धूळ चारली होती. "तुमच्या लातूरचं काय गं, अजून पोलीसच चालू का?" असं खवचट विचारायची. आता तिसऱ्या पंगतीत मी पुढं. मीही काही कमी बोलले नाही.

तात्यांना हा फोन कळला आणि त्यांनी सुरेखाचं गाव कोणतं विचारलं. मी सांगितलं. तात्यांनी ते नाव माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग दुसऱ्या दिवसापासून रोज सव्वापाचला कुंपणाशी हजर. "बाई, भोकरकडची तिसरी पंगत बसली का? कोन ऱ्हायलं? बायामान्सं आली का?" मला वाटलं, माझ्या नांदेडला हिणवायला येतात. एक दिवस मी तडकून म्हटलं, "तात्या, तुमचं लातूर लातूर पुरे! नांदेड माझं माहेर आहे!" तात्या हात जोडून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सव्वापाचला परत आले.

महिनाभरात माझ्या यादीतली साठीपुढची सगळी नावं झाली. एक सोडून. ते एक नाव होतं खुद्द किशनतात्यांचं.

मी समजावलं, ओरडले, बी.पी. तपासायच्या नावाखाली खुर्चीत बसवून पाहिलं. ढिम्म. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या माणसाला आवतन कुणी दिलंय? गेले मी स्वतः, उन्हाची, त्यांच्या दारात. "तात्या, उद्या उपकेंद्रावर यायचं, अगत्याचं आवतन आहे." तात्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "लई मान दिलात बाई. पन न्हाई जमनार."

संध्याकाळी सुरेखापुढं मी तोंड मोकळं केलं. एका हट्टी म्हाताऱ्यापायी माझं गाव अडलंय म्हणून. तर ती म्हणाली, "माझंही एकावरच अडलंय बाई. म्हातारी आहे एक. दम्याची. हिवाळ्यात दोनदा ऑक्सिजनवर जाता जाता राहिली. हिलाच आधी द्यायला पाहिजे, आणि हीच हात लावू देईना. म्हणते, मला कुणाची सुई नको. सोजरबाई नाव. माहेर तुमच्या चाकूरकडचंच आहे म्हणे."

मी फोन ठेवला आणि चपला घालून सरळ तात्यांचं घर गाठलं.

"सोजरबाई कोण तुमची?"

तात्या ओट्यावर खाली बसले. "अक्का माझी. थोरली. आई लवकर गेली तवा तिनंच वाढवलं मला."

मग हळूहळू सगळं सांगितलं. सोळा वर्षांमागं तात्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न. तात्यांनी गावोगावी आवतनं दिली. उदगीरपर्यंत गेले, स्वतः. आता आपल्याकडं बहिणीला आवतन नसतं, मूळ असतं. भाऊ स्वतः जातो आणि तिला सोबत घेऊन येतो. तात्या म्हणाले, अक्का काय, घरचीच हाय, शेवटी जाऊ. शेवट आला तो मांडवाच्या धांदलीत. आणि भोकरकडं निघालेल्या एका जीपवाल्याच्या हाती यांनी पत्रिका देऊन टाकली. यांनी! अक्का आली नाही. लग्नाला नाही, त्यानंतर कधीच नाही.

"साऱ्या मुलखाला मानूस धाडला अन अक्काला कागद," तात्या दस्तीनं डोळे पुसत म्हणाले. "ती थोरली हाय. तिच्या आधी मी पंगतीला बसू? तिला दमा हाय बाई. तिचं काई बरंवाईट झालं तर मी लस घिऊन जगून काय करू?"

"मग जा ना घेऊन यायला!"

"कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं. मास्क लावा वरून. रविवारी आमच्या ह्यांची गाडी आहे, मी येते." मला असल्या बाबतीत विचार करायची सवय नाही, आणि दरवेळी त्यानं नुकसानच होतं असं काही नाही.

अहमदपूर, लोहा, नांदेड, भोकर. एवढ्या रस्त्यात तात्यांच्या मांडीवर अक्षतांची वाटी, तिच्यावर हात.

सोजरअक्का अंगणात सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाखडायला लागल्या. तात्या फाटकाबाहेर थांबले. कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय हे आत जाणार नाहीत आणि ‘ये’ म्हणायला त्या तोंड उघडणार नाहीत. एकाच आईची लेकरं, दुसरं काय! सुरेखाही येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. ऊन डोक्यावर. माझं डोकं फिरलं.

"अहो, काय चालवलंय तुम्ही दोघांनी?" मी फाटकाला धरून ओरडले. "या मानापानात उद्या एक जण गेला, तर दहाव्याचं आवतन कोण कुणाला देणार आहे?"

सुरेखानं माझा हात दाबला. अक्कांचं सूप थांबलं. त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि ज्वारीची धूळ घशात जाऊन त्यांना खोकला लागला. साधा नाही, छाती पिळवटून काढणारा, थांबता थांबेना असा.

आणि किशनतात्या, जन्मात कुणाच्या उंबऱ्याला बिनबोलावल्याचे न शिवलेले किशनतात्या, फाटक ढकलून आत धावले. माठातलं पाणी काढलं, अक्कांना धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. मी आणि सुरेखा धावलो, पण आमची गरज पडली नाही. खोकला बसला.

"बिनबोलावल्याचा आलो अक्का," तात्या म्हणाले.

"सोळा वर्सं लागली तुला." अक्कांचा आवाज घोगरा. मग वाटीकडं पाहून, "ह्ये काय?"

"आवतन हाय. लसीचं. तिसऱ्या पंगतीचं."

"लेकीच्या लग्नाचं कारड धाडलंस, अन सुईचं आवतन द्यायला सोता आलास व्हय रे किशन?"

"हाव. चुकलं माझं अक्का. लई चुकलं."

अक्कांनी पदर पसरला. तात्यांनी अक्षता टाकल्या. अक्कांनी पदराला गाठ मारली, उठल्या आणि घरात सुनेला हाक दिली, "माझी पिशवी भर गं, भाऊ मुळाला आलाय."

सुरेखा पुढं झाली. "अहो आजी, लस इथंच घ्या ना! माझं केंद्र दोन गल्ल्या सोडून आहे!"

"तुमची सुई ऱ्हाऊ द्या बाई," अक्का म्हणाल्या. "मी म्हायेराला चालले."

परत येताना माझ्या फोनवर सुरेखाचा निरोप आला, ‘आमची म्हातारी पळवली! चोरटे लातूरवाले!’ मी तिला फेट्याचं चित्र पाठवलं. तसं पाहिलं तर अक्कांनी कुठंही घेतली तरी तिच्याही यादीतलं नाव सुटणार होतं, म्हणजे जिंकणार दोघीही. पण हे मी तिच्यापुढं कबूल करणार नाही.

मंगळवारी सगळी तिसरी पंगत उपकेंद्राबाहेर पुन्हा जमली, कुणालाही सुई टोचायची नसताना. आधी अक्का, मग तात्या. अक्कांनी डोळे मिटले नाहीत. तात्यांनी मिटले. सुई बाहेर आली आणि बाहेर गफूरचाचांनी अशी जोरदार टाळी वाजवली की झाडावरचे कावळे उठले. साठीपुढच्या यादीत माझं गाव पूर्ण झालं. तालुक्याच्या ग्रुपवर मी ते तीन वेळा टाकलं.

लस घेतली की अर्धा तास समोर बसवून ठेवायचं, काही त्रास होतो का पाहायचं, असा नियम. दोघांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. अक्कांनी पदर सारखा केला. मग अक्कांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी हाय. दोन लेकरं हायत तिला. धाकटी सारखी रुसती."

"कुनावर गेली म्हनायची?"

तात्या हसले. अक्काही हसल्या. मग आईचं निघालं, शेतातल्या विहिरीचं निघालं, कुठल्याशा काळ्या शेळीचं निघालं, आणि बोलता बोलता अक्कांनी भावाचा सुईचा दंड हलकेच चोळायला घेतला. गर्दी पांगली. आशाताईंनी खुर्च्या आत नेल्या. मी पेटी बंद केली, नोंदी संपवल्या, डबा खाल्ला.

"बाई," तात्यांनी बाकावरूनच हाक मारली. आवाजात धाकधूक होती. "झाला का वो अर्धा तास?"

मी घड्याळ पाहिलं. दोन तास होत आले होते.

"नाही हो तात्या, कुठं?" मी म्हणाले. "बसा अजून. सरकारचा नियम आहे."