गेल्या वर्षीची बाटली

पाणी कधी बदलत नाही, बदलते ती बघणाऱ्याची नजर, असं पाणीपुरवठा खात्याचं ठाम मत आहे. आणि नजर तपासणं हे आरोग्य खात्याचं काम आहे.

या मताला शास्त्राचा आधार आहे. खात्याच्या कपाटात काचेची एक बाटली असते. दरवर्षी उन्हाळा सरताना साहेब ओढ्याचं पाणी ग्लासात घेऊन तिच्याशेजारी खिडकीत धरतात. बाटलीत गेल्या वर्षीचं पाणी. साहेब धरून समितीचे तिघे मान तिरकी करून बघतात (तिसऱ्यांना मोतीबिंदू आहे, त्यामुळे ते निःपक्षपाती गणले जातात) आणि ‘फरक नाही’ असा निकाल एकमतानं लागतो. मग साहेब स्वतः बाटली घासतात आणि तिच्यात यंदाचं पाणी भरतात. बाटली एकच. दुसरी घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण फरकच नव्हता ना!

एकदा एक संशोधक बाई आल्या. म्हणाल्या, ओढा जिथून निघतो ती वरची हिमनदी आटतेय. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर आधी शेवाळ आलं, मग गवत, आता झुडपं. पूर्वी ओढ्यात बर्फानं दळलेल्या दगडाचं पीठ यायचं आणि जुनाट सेंद्रिय अंश, तोही चिमूटभर. तो ओढ्यातले सूक्ष्मजीव वरच्यावर फस्त करायचे. आता कुजक्या पानांचा अर्क उतरतो, तो त्यांना पचत नाही, म्हणून तसाच नळापर्यंत पोचतो. खात्यानं बाईंना चहा पाजला आणि कळवलं, की सूक्ष्मजीवांच्या पोटाच्या तक्रारी आमच्या अखत्यारीत येत नाहीत.

साहेबांना त्या रात्री गाढ झोप लागली. माणूस प्रामाणिक, उभ्या नोकरीत एक खोटा शेरा नाही.

आणि मग परदेशातून त्यांची थोरली बहीण आली. कितीतरी वर्षांनी. पुढ्यात आलेला ग्लास तिनं उजेडात धरला.

“बाळ्या, हे पाणी आहे की कालचा उरलेला चहा?”

“ताई, नेहमीसारखंच आहे. दरवर्षी तपासतो मी.”

“कशाशी?”

“गेल्या वर्षीच्या पाण्याशी.”

“आणि गेल्या वर्षीचं?”

“त्याच्या आदल्या वर्षीच्या.”

ताईनं कपाळाला हात लावला नाही, हे तिचे उपकार. तिनं ग्लास खाली ठेवला. “आई भांडं भरून खिडकीत ठेवायची, आठवतं? दुधासारखं पाणी. तळाशी पीठ बसायचं, ते आपण बोटानं चाटायचो. डॉक्टरांनी माझी आशा सोडलीय रे. ते पाणी एकदा प्यायचं होतं, म्हणून आले.”

साहेबांना आठवलं. खरं तर ते कधी विसरलेच नव्हते, फक्त समितीपुढे तो मुद्दा कधी आला नव्हता. ते तडक कचेरीत गेले, कपाट उघडलं. बाटलीत गेल्या वर्षीचा चहा. त्याआधीचं सगळं पाणी त्यांनीच, स्वच्छतेच्या नियमाला धरून, मोरीत ओतलेलं. त्यांना रडू आलं, पण कार्यालयीन वेळ होती.

शेवटी त्यांनी सभागृहातल्या फळ्याचा खडू उचलला, कुटला, गाळलेल्या पाण्यात ढवळला आणि ताईसमोर ठेवला.

ताई सगळं प्याली. तळाला बोट फिरवून चाटलं. “खडू आहे,” ती म्हणाली. “खोटं बोलताना तुझे कान अजून लाल होतात, बाळ्या.” आणि तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढची तपासणी यायच्या आत ताई गेली. तपासणीच्या दिवशी साहेबांनी ग्लास खिडकीत धरला. पाणी तपकिरी होतं. बाटलीतलंही तपकिरी होतं.

“फरक नाही ना, साहेब?” मोतीबिंदूवाल्यांनी विचारलं.

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. “नाही,” ते म्हणाले. नियमाप्रमाणे ते खरंच होतं. मग त्यांनी बाटली घासायला घेतली.

कुणा वाचकाला हे खातं हास्यास्पद वाटलं असेल, तर त्यानं उठून आपल्या नळाचं पाणी ग्लासात घ्यावं आणि खिडकीत धरावं. कसं आहे? नेहमीसारखंच? उत्तम. साहेब निवृत्त झाल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे.