सदरेस सायीचा रंग दिल्याची हकीकत

गणरायास शेंदूर, शारदेस शुभ्र वस्त्र आणि वाचणारांचे दोहों डोळ्यांस कुशल असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्रमासी जे वर्तले ते जैसे ऐकिले तैसे, पदरचे थोडकेच घालोन लिहिले आहे.

एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचा हुकूम नाही. तेथे श्रीमंत भुजबळराव महाराज गादीवर असता रयत बहुत सुखी होती, कारण महाराज बहुतकरून निद्रेत असत. खाशांनी तिसरे प्रहरी उठावे, सदरेवर येऊन सिंहासनी बसावे, समोरचे थोर खिडकीत सूर्य दिसे त्यास भक्तिभावे नमस्कार करावा आणि मग कामकाजास आरंभ व्हावा, ऐसी तीस वर्षांची वहिवाट. आणि त्या राज्यात कायदा ऐसा की, चित्रात, नकाशात, पोरांचे पाटीवरदेखील सिंहासन काढणे ते पूर्वेस तोंड करूनच काढावे; अन्य दिशेस काढील त्याचा हुद्दा जाईल. वास्तविक पाहता महाराजांचे आजोबांचे डोळ्यांत सकाळचे ऊन जाई, म्हणोन त्यांनी सिंहासन उचलून पश्चिमेस तोंड करविले होते. परंतु कायदा तैसाच राहिला, आणि ज्यांस ठाऊक होते ते मान खाली घालोन पगार घेत राहिले.

त्या दरबारी विसाजीपंत रंगनवीस म्हणोन गृहस्थ होते. राज्यातील दारे, भिंती, पालख्या, झुली यांचे रंग ठरविणे हा त्यांचा पिढीजात हुद्दा. पंत स्वभावे भित्रे, परंतु पागोटे मोठे बांधीत. त्यांणी नवा संगणक आणविला होता आणि त्यात घरे सजविण्याचे सॉफ्टवेअर घातले होते, त्यात भिंत उभी करावी, रंग टोचावा, की क्षणात भिंत रंगोन तयार. ते यंत्र आल्यापासोन पंतांचे पाय भुईस लागत ना. एके दिवशी राणीसाहेब चंद्रसेनाबाई यांणी पंतांस बोलावून आज्ञा केली, "पंत, पंधरा दिवसांनी आमचे बंधू मानसिंगराव येणार. लग्नात त्यांनी या सदरेच्या भिंती पाहून विचारलं होतं, 'अक्का, इथं धूर कोंडतो का गं?' ते आम्ही बावीस वर्षं विसरलो नाही. आमच्या माहेरच्या सदरेला दुधावरच्या सायीचा रंग आहे, तोच इथं हवा. सायीचा म्हणजे सायीचाच." हे बोलताना बाईसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला. ते पाहोन महाराज जागे जाहले आणि बोलिले, "पंत, रंग साधला तर मानाचं पागोटं देऊ. नाही साधला तर बैलांच्या शिंगांच्या खात्यात पाठवू."

ते खाते कोणते म्हणाल, तर पोळ्यास सरकारी बैलांची शिंगे रंगवावी, आणि उरले वर्ष बैलांची मर्जी सांभाळावी. पंतांस बैलाचे बहुत भय. ते घरी जाऊन संगणकापुढे बसले आणि अवघा वाडा यंत्रात उभा केला. सिंहासन मांडिले तो त्याचे तोंड पश्चिमेस आले. पंतांस कायदा आठवला, आणि त्यांणी सिंहासन न फिरविता अवघा वाडाच गरकन् फिरविला. मग सिंहासन पूर्वेस, खिडकी पूर्वेस, आणि यंत्रातील कोवळा सूर्य खिडकीतून नीट भिंतीवर. त्यात साय रंग टोचला तो काय सांगावे! भिंत ऐसी दिसो लागली की बोट फिरवोन चाटावी. महाराजांनी पाहिले, राणीसाहेबांनी पाहिले, दरबार वाहवा करिता जाहला.

इतक्यात हैबती रंगारी, ज्याचे हाते आजवर सारा वाडा रंगला तो, पुढे होऊन मुजरा करिता जाहला आणि बोलिला, "पंत, म्या म्हंतो, येक हातभर पट्टा भितीवरच मारून बघू. येक दीस सकाळ-दुपार-सांज बगायचा, मंग काय त्ये ठरवायचं. आमचा बा आसंच करायचा." पंत हसोन म्हणाले, "अरे हैबती, तुझ्या बापाकडं संगणक होता का? यात सूर्यसुद्धा आहे." हैबती म्हणाला, "आसंल. पर त्यो आपलाच हाय का?" या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मग रंगाचे वीस डबे आले आणि आठा दिवसांत चारी भिंती रंगोन सिद्ध जाहल्या.

तिसरे प्रहरी राणीसाहेब हौसेने पाहावयास आल्या, आणि उंबऱ्यातच थांबल्या. उतरते ऊन खिडकीतून आडवे आले होते, सदरेत पिवळे दिवे लागले होते, आणि भिंत पिवळीधमक जाहली होती. "पंत," बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "हे पिठलं कुणी फासलं?" महाराज भिंतीकडे पाहोन म्हणाले, "आम्हाला तर बरं वाटतंय. भूक लागली," आणि भाकरी मागविते जाहले. दुसरे दिवशी पंत सकाळी येऊन पाहातात तो आणिक नवल: खिडकीसमोर हत्तीखान्याची गेरूने रंगविलेली थोर भिंत, तिजवर सकाळचे ऊन पडे आणि तिची लाली उडोन सदरेत येई. म्हणजे सांजेस नुसते पिठले, आणि सकाळी त्याच पिठल्यावर तिखटाची फोडणी. राणीसाहेब अन्न घेईनात. महाराजांनी फर्माविले की यंत्रातला सूर्य शहाणा आहे, बाहेरच्यास त्याप्रमाणे वागण्याचा हुकूम द्यावा. तो हुकूम गच्चीवर नगारा वाजवोन सूर्यास वाचोन दाखविला. सूर्य अर्धा हुकूम ऐकोन मावळला.

पाहुणे येण्यास तीन दिवस उरले. पंत गोठ्यापाशी जाऊन बैलांकडे पाहून आले, आणि बैलांनीही त्यांजकडे पाहिले. मग घरी येऊन त्यांणी हैबतीस बोलाविले आणि पागोटे काढोन बोलिले, "हैबती, चुकलो रे. माझी मतीच चालेना. तूच बघ यात काय चुकलंय." हैबती यंत्रात निरखून पाहता जाहला आणि म्हणाला, "पंत, हत्तीखाना कुठं ग्येला? आन् ह्यो सूर्य खिडकीत सकाळी कसा? आपल्या खिडकीत तर सांजंला येतो की." हे ऐकोन पंतांस उमगले. यंत्र चुकले नव्हते; वाडा फिरविणारे तेच. मग त्यांणी वाडा परत फिरविला, सिंहासन पश्चिमेस केले, हत्तीखाना गेरूसह उभा केला, पिवळे दिवे लाविले, सूर्य तिसरे प्रहरी नेऊन ठेविला. आणि यंत्रात हुबेहूब पिठले प्रकट जाहले. आता हे हुजुरांस दाखवावे तर कायदा मोडोन हुद्दा जातो, न दाखवावे तर रंग चुकला म्हणोन हुद्दा जातो. पंत विचार करिते जाहले की, जाणे दोहींकडे आहेच, तर खरे बोलोन जावे. निदान राणीसाहेबांस कारण तरी कळेल. त्या भित्र्या माणसास हे धैर्य कोठून आले, लिहिणारास ठाऊक नाही, परंतु आले.

भर दरबारी पंतांनी संगणक महाराजांपुढे ठेविला आणि डोळे मिटोन सांगितले, "महाराज, सिंहासन पश्चिमेला आहे." महाराज यंत्राकडे पाहात, मग खिडकीकडे पाहात, मग पुनः यंत्राकडे. खिडकीत सूर्य होता, त्यास नुकताच नमस्कार जाहला होता. "म्हणजे," महाराज सावकाश बोलिले, "हा उगवत नसतो?" पंत म्हणाले, "मावळत असतो, महाराज." "तीस वर्षं?" "होय, महाराज." महाराज म्हणाले, "तरीच. आम्हाला वाटायचं, आपल्या राज्यात दिवसच फार लहान." मग ज्यांस इतकी वर्षे ठाऊक होते ते सगळे एकाएकी खोकू लागले, आणि राणीसाहेब तोंडास पदर लावोन हसू लागल्या, त्या भिंती रंगल्यापासोन प्रथमच.

महाराजांस राग आला नाही, परंतु चूक आपली म्हणावी ही त्या घराण्याची रीत नव्हे. हुकूम सुटला की, सिंहासन पूर्वेसच आहे. आजपासोन सिंहासनाचे तोंड जिकडे, ती पूर्व. मग वेशींच्या पाट्या बदलल्या, आणि मानसिंगरावांस पत्र गेले की पूर्वेचे दरवाजाने यावे. सदर पुनः रंगविण्यास दिवस उरले नव्हते. हैबती म्हणाला, "सायीचं चार डबं उरल्यात. गेरूवालीला तरी फासतो, सकाळची लाली तरी जाईल." आणि त्याने हत्तीखान्याची ती भिंत एका दिवसात सायीने सारवोन काढिली.

पाहुणे सकाळी आले. दरवाजा पूर्वेचा म्हणोन नव्या पाटीप्रमाणे वळले, ते थेट हत्तीखान्यापाशी. राणीसाहेब धावत गेल्या, पंत मागे धावले, आणि पाहातात तो मानसिंगराव भिंतीपुढे थबकलेले. कोवळे ऊन नीट त्या भिंतीवर पडले होते, यंत्रात पडले होते तैसेच, आणि भिंत सायीची, केवळ सायीची दिसत होती. मानसिंगराव म्हणाले, "अक्का, हा तर आपल्या घरचा रंग गं! आपल्या सदरेला मागच्या वर्षी वहिनींनी निळा दिला. मला वाटलं, हा आता कुठंच दिसायचा नाही." मग बाईसाहेबांनी भिंतीस हात लाविला आणि तेथेच रडू लागल्या, आणि बंधूही रडू लागले, आणि ताटे-पाट हत्तीखान्यातच मागविले गेले.

येणेप्रमाणे पंतांचा हुद्दा राहिला आणि मानाचे पागोटे मिळाले. ते त्यांणी हैबतीचे डोईवर ठेविले, आणि त्या राज्यात तेव्हापासोन हातभर पट्ट्यावाचोन भिंत रंगत नाही. दरबार हत्तीखान्यात भरो लागला, आणि हत्तीस पिठल्याच्या सदरेत बांधिले, त्यास तो रंग मानवला. अवघे राज्य नव्या पूर्वेस तोंड करोन नमस्कार करिते. हत्ती मात्र रोज सकाळी जुन्या पूर्वेस सोंड उचलतो, कारण त्यास नकाशा कोणी दाखविला नाही.