बाटलीची मागची बाजू

शनिवारचा पास्ता घरात राहणार की जाणार, हे बारीकराव आणतील त्या सॉसच्या बाटलीवर ठरणार होतं. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितल्यापासून घरातून लोणी गेलं, बिस्किटं गेली, चीज तर रातोरात गेलं. आठवडाभर उकडलेल्या भाज्या समोर यायच्या. बारीकराव त्या निमूट गिळायचे, कारण शनिवारी संध्याकाळी पास्ता असायचा. तेवढा एक दिवस आपण माणसांत आहोत असं त्यांना वाटायचं.

"सॉस तुम्हीच आणा," बायको म्हणाली. "तुम्हाला लेबलांतलं कळतं म्हणे. संध्याकाळी धाकटी येतेय. ती बाटली बघेल. तिने हो म्हटलं तर पास्ता चालू. नाही म्हटलं तर बंद."

"कायमचा?"

"मग काय सुट्टीपुरता?"

धाकटी म्हणजे बारीकरावांची मेहुणी. ती आहारतज्ज्ञ होती. तिने लग्नाच्या जेवणातही लोकांना काय काय खाऊ नका ते सांगितलं होतं. स्वतःच्या लग्नाच्या.

आता बारीकराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं, कंबरेशी त्याचा काहीही संबंध नव्हता. डबे-बाटल्यांची लेबलं बनवणाऱ्या एका कंपनीत ते मागच्या बाजूचे प्रमुख होते. पुढची बाजू करणारी मंडळी वेगळी. हिरवी पानं, दवबिंदू, हसणारं मूल वगैरे ती काढायची आणि कॉफी पीत बसायची. जे जे गिऱ्हाइकाने वाचू नये पण कायद्याने लिहावंच लागतं, ते सगळं बारीक अक्षरांत मागे बसवायचं काम बारीकरावांचं. त्यांच्या टेबलावर नुसता कामाचा नंबर यायचा. माल कुठला, पुढे चित्र काय, हे विचारायची पद्धत नव्हती, आणि बारीकरावांना हौसही नव्हती.

त्यांची एक युक्ती मात्र ऑफिसात गाजलेली. लेबलाची दोन टोकं बाटलीवर एकमेकांना चिकटतात, त्या सांध्यालगत मिठाचा आकडा उभा टाकायचा. बाटली कितीही फिरवा, नजर तिथून घसरतेच. ही युक्ती पुढे बाकीच्या कंपन्यांनीही उचलली, याचं त्यांना दुःखही होतं आणि अभिमानही.

असा हा माणूस दुकानात सॉसच्या कपाटासमोर उभा राहिला. पहिल्या बाटलीवर हिरवं पान होतं. त्यांनी ती मागे फिरवली, सांध्यावर नखाने खरवडलं, आकडा वाचला आणि बाटली परत ठेवली. दुसरीवर 'साखर नाही' असं ठळक लिहिलं होतं. मागे साखरेऐवजी तीन प्रकारचे पाक होते. तिसरीवर एक आजीबाई पळीने सॉस ढवळत होत्या. त्या आजीबाईंचा फोटो मागच्या वर्षी खोकल्याच्या औषधावर होता, हे बारीकरावांना पक्कं आठवत होतं. खालच्या फळीपर्यंत पोचेस्तोवर ते फरशीवर मांडी घालून बसले होते आणि भोवती बाटल्यांचा वेढा पडला होता.

दुकानाच्या मॅनेजरने हे लांबून पाहिलं. एक वजनदार गृहस्थ, कपाळावर चष्मा, प्रत्येक लेबल नखाने खरवडतोय, मान हलवतोय आणि तोंडातल्या तोंडात "लबाड" म्हणतोय. हा तपासणीला आलेला सरकारी अधिकारीच, असं मॅनेजरने ठरवून टाकलं. तो धावत आत गेला आणि खुर्ची घेऊन बाहेर आला.

"साहेब, खाली कशाला बसलात? आधी कळवलं असतं तर सोय केली असती."

"कळवायचं काय त्यात?" बारीकराव म्हणाले. ते खरोखरच विचारत होते. पण मॅनेजरला त्यातून जे समजायचं ते समजलं, आणि खुर्चीमागोमाग चहाही आला.

फुकटची खुर्ची आणि फुकटचा चहा यांना नाही म्हणण्याचा विचार बारीकरावांच्या मनाला शिवला नाही. ते एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन बसले. खुर्चीवर बसून तपासणी करणारा माणूस दिसला की लोक थांबतातच.

"साहेब, ही कशी आहे?" एका बाईंनी आपल्या टोपलीतली बाटली पुढे केली.

"ठेवून द्या."

"मुलांना द्यायचीय हो."

"मग तर ठेवूनच द्या."

बाईंनी बाटली विंचू चावल्यासारखी फळीवर ठेवली. त्यामागे आणखी दोघं आली, मग चौघं. जन्मात कुणी बारीकरावांचं मत विचारलं नव्हतं, घरी तर नाहीच नाही. इथे रांग लागली होती. त्यांचा आवाज आपोआप खर्जात गेला.

आणि तेवढ्यात त्यांना ती दिसली. साधा खाकी कागद, त्यावर काळ्या अक्षरांत एवढंच: टोमॅटो. कांदा. लसूण. आणि भरपूर वेळ. पान नाही, आजीबाई नाही. त्यांनी बाटली वळवली. मागची बाजू इतकी नेटकी, इतकी समजूतदार होती, की कुठेतरी आपल्यासारखाच विचार करणारा माणूस बसलाय असं वाटून त्यांना भरून आलं. बाटली पूर्ण फिरवायला दुसरा हात लागतो, आणि दुसऱ्या हातात चहा होता. चहा गरम होता, चांगला होता, आणि लोक बघत होते.

"ही घ्या," बारीकराव गंभीरपणे म्हणाले. "याला म्हणतात प्रामाणिक माल."

पुढच्या पाच-दहा मिनिटांत ती फळी झाडून रिकामी झाली. मॅनेजरने आतून उरलेली पेटी आणली, तीही गेली. बारीकरावांची बाटली त्याने स्वतः कागदात गुंडाळून दिली आणि दारापर्यंत पोचवायला आला.

संध्याकाळी मेहुणीने पर्स ठेवायच्या आधी बाटली हातात घेतली.

"लेबल छान आहे, भाऊजी."

"मग? माणूस या धंद्यात आहे म्हटलं." बारीकरावांनी बायकोकडे पाहिलं. पाणी उकळत होतं, पास्ता बाहेर काढून ठेवला होता, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मेहुणीचे दोन्ही हात मोकळे होते. तिने बाटली पूर्ण फिरवली. सांध्यापाशी थांबली, डोळे बारीक केले, मग फोनचा दिवा लावला.

"ताई, हे बघ. मीठ. एवढं मीठ तर समुद्र स्वतः वापरत नसेल. आणि लपवलंय कुठे, तर सांध्यात. उभं."

बारीकराव वाकून बघायला गेले आणि तसेच वाकलेले राहिले. मिठाच्या आकड्यापुढे दोन ठिपके देऊन मग आडवी रेघ ओढायची ही जगात एकाच माणसाची सवय होती. तो माणूस आत्ता स्वयंपाकघरात वाकून उभा होता.

"कुणाचं डोकं असेल हो हे?" बायको म्हणाली. "तुमच्यातलंच कुणीतरी."

"असेल," बारीकराव म्हणाले.

"ज्याने हे लपवलंय ना," मेहुणी म्हणाली, "त्याला धरून आठवडाभर हाच सॉस खायला घातला पाहिजे. तीच शिक्षा."

शिक्षा ऐकून बारीकरावांना गुन्हा कबूल करावा असं फार वाटलं. पण बायकोने गॅस बंद केला होता आणि पास्ता परत डब्यात जात होता. त्या रात्री उकडलेली फरसबी होती.

सोमवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब उभे होते, म्हणजे खूश होते.

"बारीकराव, तुमच्या त्या सॉसच्या लेबलाने कमाल केली. एका दुकानात एका संध्याकाळी अख्खं कपाट खलास. कुणी मोठा अधिकारी येऊन सगळ्यांसमोर शिफारस करून गेला म्हणे. प्रामाणिक माल म्हणाला. सॉसवाल्या कंपनीने तुमच्यासाठी हे पाठवलंय."

हे म्हणजे सॉसच्या बाटल्यांचा भलामोठा खोका होता. बक्षीस नको म्हणता येईना, आणि ड्रायव्हरने तो खोका परस्पर घरी पोचवला. बारीकराव पोचले तेव्हा बायको खोक्याशेजारी बसली होती. वर साहेबांच्या सहीचं अभिनंदनाचं कार्ड होतं.

"मागची बाजू तुमची होती?" तिने विचारलं.

"पुढची नव्हती," बारीकराव म्हणाले. यापेक्षा चांगला बचाव त्यांना सुचला नाही.

बायकोने खोका आत ओढून नेला. आठवडाभर भाज्या तेवढ्या नेमाने उकडत राहिल्या.

शनिवारी मेहुणी पुन्हा आली, आणि टेबलावर चक्क पास्ता आला. वाफाळता, लालभडक. मध्यभागी तीच खाकी लेबलाची बाटली. बारीकरावांना गहिवरून आलं. बायकोने माफ केलं होतं. त्यांनी मोठा घास घेतला, चावला आणि मध्येच थांबले. मग पुन्हा चावला.

"यात काही नाहीये," ते म्हणाले.

"आहे की," बायको म्हणाली. "टोमॅटो, कांदा, लसूण आणि भरपूर वेळ. सकाळपासून ढवळतेय. तुमच्या बाटल्या सोमवारीच रिकाम्या केल्या, धुतल्या आणि आज हा भरला. आता तुमचं लेबल खरं झालं. पास्ता चालू ठेवा, माझी काही हरकत नाही. एवढा सॉस वर्षभर पुरेल."

बारीकरावांनी फडताळाकडे पाहिलं. प्रामाणिक माल ओळीने उभा होता.

"आणि आतला?" त्यांनी हळूच विचारलं. "टाकलास?"

"अन्न टाकवतं होय? पातेल्यात काढून हिला दिला."

मेहुणी ताटात बघत होती. "आमच्याकडे कुणाला रक्तदाब नाही ना," ती म्हणाली. "आठवडा होत आला, रोज तोच चाललाय. मुलं दुसरं काही खायलाच तयार नाहीत." मग काटा खाली ठेवून म्हणाली, "मी पण."

शिक्षा तिनेच सुनावली होती आणि भोगतही तीच होती. बारीकराव पुढचा घास चावत राहिले. इतका हेवा त्यांना आजवर कुणाचाच वाटला नव्हता.