काकाजींची बॅटरी कोण पितं?

आमच्या शेजारचे भोयर काकाजी रोज संध्याकाळी आपल्या गाडीची बॅटरी काढून घरात नेतात. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पायरीवर जरा दम खाऊन, मग आत. पलंगाशेजारी एक पाट मांडलेला असतो. त्यावर तिला बसवतात आणि वरून जुना टॉवेल पांघरतात. सकाळी पाना घेऊन पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घालतात आणि तिला जागेवर बसवतात. तुम्ही म्हणाल, चोरांची भीती असेल. छे हो! चोरांबद्दल काकाजींचं मत त्या मानानं बरं आहे. चोर निदान चोर म्हणून येतो. काकाजींना संशय आहे तो आमच्यासारख्या कॉलनीतल्या सभ्य माणसांचा, आणि त्यातही पहिला मान माझा.

एकदा सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांनी मला हाक मारली. गाडी पुन्हा सुरू होत नव्हती.

"मास्तर, माही बॅटरी कोणीतरी पेऊन राह्यलं."

म्हटलं, बॅटरी काय ताक आहे का काकाजी, कोणी पिऊन जायला? त्यावर त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहत विचारलं, की तुमचा इन्व्हर्टर काऊन इतका टिकते आजकाल? मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घराची भिंत आणि त्यांची गाडी यांच्यामध्ये एक कडुनिंबाचं झाड आहे, त्यातून मी त्यांचा करंट ओढून घेतो असं या माणसाचं म्हणणं. मी त्यांना घरात बोलावून इन्व्हर्टर दाखवला. त्यांनी मागून, खालून, वायरी मोजून पाहिला आणि जाताना म्हणाले, "दिसाले तं बरोबर दिसते. पण याच्यात काहीतरी गोम हाय."

ही गोम त्यांना सगळीकडे दिसते. दूधवाल्यानं दूध घातलं की ते बोटावर घेऊन उन्हात धरतात. पेपरवाला पेपर आधी स्वतः वाचून मग आपल्याला उष्टा टाकतो अशी त्यांची पक्की खात्री आहे. गाडीच्या टायरवर आणि खालच्या फरशीवर मिळून खडूची एक रेघ असते. आपल्या मागे गाडी कोणी हलवली की नाही, ते त्यावरून कळतं म्हणे. डॉक्टर दोन आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दाखवल्याशिवाय ते गोळी गिळत नाहीत. काकू होत्या तेव्हा त्या हसून सांगायच्या की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी आधी वाकून माझं तोंड पाहून घेतलं, पोरगी बदलली तर नाही म्हणून. काकू गेल्या आणि काकाजींची अशी थट्टा करणारं घरात कोणी उरलं नाही.

आता गाडीचं खरं दुखणं सांगतो. काकाजी गाडी रोज काढतात, पण नेतात कुठं? भाजीबाजारात. गिरणीवर. दाढी करायला. गाडी गरम होते न होते तोच बंद. मी त्यांना फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. गाडी सुरू करताना बॅटरीतून बादलीभर काढावं लागतं, आणि मग गाडी चालते तेव्हा इंजिन ते तांब्यातांब्यानं परत भरतं. तुम्ही दोन तांबे भरायच्या आत गाडी बंद करता आणि पुन्हा बादली काढता. कोरडी पडणार नाही तर काय होणार?

काकाजींनी सगळं ऐकलं. "म्हंजे गाडी उभी ठेवली तरी बॅटरी उतरते, अन् चालवली तरी उतरते?"

म्हटलं, थोडी चालवली तर.

"मंग कंपनीनं हे पह्यले काऊन नाई सांगितलं?" असं म्हणून ते मला उत्तर द्यायची संधी न देता आत गेले.

इथपर्यंत गंमत होती. पण त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो आणि दर वेळी गाडी बंद पडली की त्याला फोन जातो, की कॉलनीतल्या लोकांनी पुन्हा डाव साधला. प्रशांत कंटाळला. त्यानं मला फोन करून सांगितलं, मास्तर काका, आता एकदा जरी बंद पडली तरी मी दिवाळीत येतो आणि ती विकून टाकतो. बाबांना इकडेच आणतो. काकाजींना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कारण बसमध्ये बाजूचा माणूस झोपेचं सोंग घेतो आणि ऑटोवाला वळसा घालून नेतो, म्हणून या दोन्ही वाहनांत ते पाय ठेवत नाहीत. गाडी गेली की काकाजी घराबाहेर पडणारच नाहीत. ते मला म्हणालेही, "गाडी गेली तं मी गेलो, मास्तर." त्या दिवशी त्यांनी गोम वगैरे काही काढली नाही, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

गॅरेजवाल्यानंही माझ्यासारखंच सांगितलं, की आठवड्यातून एकदा गाडी तासभर सलग पळवा, बाकी काही नको.

"कुठं?" काकाजींनी मला विचारलं.

म्हटलं, कुठंही. नातेवाइकांकडे जा. पवनारला तुमचे मावसभाऊ आहेत ना? तर त्यांनी म्हणे काकाजींची शिडी नेली आणि परत करताना दुसरीच दिली. हिंगणघाटचे साडू? ते जेवायला बोलावून घरातल्या गोष्टी काढून घेतात. ऑफिसातले जुने मित्र? त्यांनी साहेबाचे कान भरले होते. मी एकेक नाव घेत गेलो आणि काकाजी एकेक दार लावत गेले. शेवटी सबंध वर्धा जिल्ह्यात त्यांना जाता येईल असं एकही घर उरलं नाही. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते उगाच पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले.

मग पहिल्या रविवारी मीच त्यांच्याबरोबर जामला गेलो. जाम म्हणजे हायवेवरचा चौक. ट्रक, ढाबे, टायर पंक्चरची दुकानं. तिथं पोचल्यावर काकाजींनी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद करेनात. बंद केली आणि सुरूच झाली नाही तर? चहा त्यांनी गाडीतच मागवला, आणि तोही आधी मला प्यायला लावला. मला काही होत नाही असं पाहून मग स्वतः घेतला. येताना म्हणाले, की इथं येऊन उपयोग काय, इथं आपलं कोण हाय? मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

पुढच्या रविवारपासून ते एकटेच जायला लागले. कुठं, ते कोणालाच सांगेनात. इस्त्रीचा सदरा घालून निघत आणि दुपारी वाळलेल्या तोंडानं परत येत. आता कॉलनीला संशय यायला लागला, आणि जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर संशय घ्यायला लोकांना भारीच मजा येते. समोरच्या देवतळे बाईंचं म्हणणं, काकाजी गुपचूप घर विकून राह्यले. आमच्या सौभाग्यवतींना इस्त्रीच्या सदऱ्यावरून भलतीच शंका. मला वाटलं, कोणीतरी बाबा त्यांना पकडलाय आणि बॅटरीवरून लिंबू उतरवून देतोय. मी एकदा गाडीत डोकावून लिंबू शोधलंही. सापडलं नाही.

असे काही रविवार गेले. मग एक दिवस सकाळी ते स्वतःच माझ्या दाराशी आले.

"चाला मास्तर. बंद पडली तं ढकलाले कोणीतरी पायजे."

गाडी पुलगाव सोडून आर्वीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. मग काकाजी समोर बघतच म्हणाले, की रोहण्याला त्यांची धाकटी बहीण असते, शशी. मी इतकी वर्षं शेजारी राहतो, पण या माणसाला बहीण आहे हे मला माहीत नव्हतं.

आम्ही शेजारी यायच्या आधी, त्यांच्या आईच्या तेरवीला शशीताई आल्या होत्या. आईच्या पाटल्या सापडत नव्हत्या. तेरवी झाली, ताई जायला निघाल्या, काकूंनी त्यांची ओटी भरली. माहेरहून निघालेल्या लेकीची पिशवी आपल्याकडे घरची माणसं भरतात. काकाजींनी दारात उभं राहून ती उघडायला लावली. सोयरेधायरे, शेजारीपाजारी, सगळ्यांसमोर.

"उघडली तिनं," काकाजी म्हणाले. "आईचं जुनं लुगडं होतं, अन् मुगाच्या वड्या. दुसरं काईच नाई. तिनं पिशवी तितंच ठेवली अन् रिकाम्या हातानं गेली. तवापासून आली नाई."

मी विचारलं, आणि पाटल्या?

"गव्हाच्या कोठीत भेटल्या. आईनंच लपवल्या असन. माही आईच ते, तिलेही कोणाचा भरोसा नव्हता."

दर रविवारी ते रोहण्याला येत होते. बहिणीच्या घरासमोर गाडी हळू करायची आणि तशीच पुढं नेऊन वळवून आणायची, एवढंच. थांबायची हिंमत होत नव्हती. थांबलो, गाडी बंद केली आणि ती सुरूच झाली नाही, तर त्या दारात कोणत्या तोंडानं बसून राहू, असं ते म्हणाले. माझा राग, चिडचिड सगळी विरून गेली. मला या माणसाची फार दया आली.

त्या दिवशी गाडी घरासमोर थांबली. इंजिन चालूच. अंगणात एक बाई तुरीच्या डाळीला ऊन दाखवत होत्या. त्यांनी वर पाहिलं, हात पदराला पुसले आणि फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. काकाजींनी काच खाली केली आणि स्टिअरिंग न सोडता ते काहीतरी बोलले. इंजिनच्या आवाजात मला, त्यांच्या शेजारी बसलेल्यालाही, ते ऐकू आलं नाही.

"गाडी बंद कर, भाऊ," ताई म्हणाल्या. "काई आयकू नाई येत."

"बंद केली तं चालू नाई होत ते."

"नाई झाली तं राह्यजो."

काकाजी तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली. एकदम इतकं शांत झालं की आता त्यांना बोललेलं सगळं पुन्हा बोलावं लागणार होतं, आणि लपायला जागा नव्हती.

"पाटल्या गव्हात होत्या, शशे. माहं चुकलं."

"अन् हे सांगाले इतके वर्सं लागले तुले?" ताई म्हणाल्या आणि फाटकाला धरून रडायला लागल्या. काकाजी गाडीतून उतरले, पण जवळ जावं की नाही ते त्यांना कळेना. ते डाळीच्या चटईशेजारी नुसते उभे राहिले. शेवटी तिनंच त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.

जेवणं झाली. ताईंनी वाढलेलं काकाजींनी न पाहता, न हुंगता खाल्लं. जुन्या गोष्टी निघाल्या, ऊन कलायला लागलं, मी घड्याळ पाहिलं. आम्ही दोघं बाहेर येऊन गाडीत बसलो. मी मनातल्या मनात ढकलायची तयारी ठेवली. काकाजींनी किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. इतक्या रविवारांची धाव तिच्या अंगी लागली होती. मला आनंद झाला. प्रशांतला आता गाडी विकायची गरज नव्हती. मी काकाजींकडे पाहिलं तर त्यांचं तोंड उतरलं होतं.

त्यांनी क्षणभर इंजिनचा आवाज ऐकला आणि किल्ली फिरवून ते बंद केलं.

"काय झालं, भाऊ?" ताई दारात आल्या.

"नाई होत चालू," काकाजी म्हणाले. "बॅटरी गेली वं."

इंजिनची घरघर अंगणभर ऐकू गेली होती. ताईंनी ती ऐकली नसणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकाजीही माझ्याकडे पाहत होते, पहिल्यांदाच कसलाही संशय न घेता. मी दरवाजा उघडून खाली उतरलो, पुलगावची बस कुठून मिळते ते ताईंना विचारलं, आणि म्हणालो, हो ताई, बॅटरी साफ गेली.