व्हेरीच्या पुढचं पाणी

बायकोला इंग्रजी शिकवायचं ठरवलं, ही माझी पहिली चूक. (दुसरी आंघोळ न करण्याची. तिच्याकडे येतोच.)

तेरा सालचा दुष्काळ होता. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात दुधाची सोसायटी आहे, तिथं मी क्लार्क. गावात चारा उरला नाही, तेव्हा सोसायटीनं लांब तलावाकाठी जनावरांची छावणी उघडली आणि आमच्या म्हशीबरोबर शिवकन्या, म्हणजे आमची सौभाग्यवती, तिकडं राहायला गेली. खरं तर जायला मीच हवा होतो. पण म्हैस माझ्या हाताला दूध देत नाही. (दूध सोसायटीचा क्लार्क म्हणून ही गोष्ट मी चारचौघांत सांगत नाही.) म्हैस छावणीत, बायको म्हशीजवळ आणि मी घरी एकटा, आरशाला चिकटवलेल्या तिच्या टिकल्यांकडे बघत बसलेला.

शिवकन्या त्या वर्षी बाहेरून दहावीला बसणार होती. संध्याकाळी धार काढून झाली की ती फोन करायची आणि इंग्रजीचं काहीतरी विचारायची. एकदा तिनं 'टू' विचारला.

"हे बघ," मी (बी. ए., इंग्रजी दुसऱ्या खेपेला) म्हणालो, "'व्हेरी' म्हणजे लई. 'टू' म्हणजे इतकं लई, की पुढचं काम अडलं. चहा व्हेरी हॉट आहे, म्हणजे फुंकून पी. चहा टू हॉट आहे, म्हणजे पिताच येत नाही."

ती म्हणाली, "मला घरची आठवण येती ती व्हेरी हाय. अजून काम उरकतंय. तुमची?"

माझी टू होती. त्याच सकाळी मी एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर टाकलं होतं. पण मास्तरानं हे विद्यार्थिनीला कसं सांगायचं? मी म्हणालो, "माझीबी व्हेरीच." आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी ती एका मुक्कामापुरती घरी येणार होती. म्हशीपाशी तिचा भाऊ सिदू थांबणार होता. बोलता बोलता ती म्हणाली, अंगाला सारखा शेणाचा वास येतोय. झालं! मी ठरवलं, ती आली की तिला डोक्यावरून मनसोक्त पाणी घेता आलं पाहिजे. दुष्काळात नवरा बायकोला याहून मोठं काय देणार?

टँकर एक दिवसाआड यायचा आणि घरटी ठरलेलेच हंडे मिळायचे. त्यातून साठवायचं तर वापर बंद. आधी मी आंघोळ बंद केली, मग दाढी, मग कपडे धुणं. हंडे-कळशा भरल्यावर पातेली घेतली, मग कुकर, मग डबे, शेवटी चहाचं भांडं. स्वयंपाकाला काही उरलं नाही, म्हणून शेजारच्या सारजाबाई भाकरी देऊ लागल्या. पुढं पुढं त्या भाकरी उंबऱ्यावर ठेवून लांबूनच हाक मारायच्या. मला तो आदर वाटला.

सोसायटीत मात्र चेअरमन मोहनरावांनी माझं टेबल बाहेर लिंबाखाली हलवलं. मी कारण विचारलं.

"दूध नासतंय बाबा, तिरंबक," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी शिवकन्या दुधाच्या टेम्पोतून उतरली. साडी स्वच्छ, केस धुतलेले, तोंडावर तजेला. मी मोठ्या ऐटीत तिला आत नेलं आणि घरभर भरलेलं पाणी दाखवलं. म्हणालो, सगळं तुझ्यासाठी.

तिनं पदर नाकाला लावला. "अहो, आज मला टू नीट कळला," ती म्हणाली.

मग तिनं शांतपणे सांगितलं, की छावणीतल्या विहिरीला पाणी आहे आणि बाया तिथं रोज न्हातात. "जागा तुमच्याच सोसायटीनं निवडली ना? तुमाला ठाव न्हाई?"

ठाऊक होतं. पाणी बघून ती जागा ठरली, त्या बैठकीत चहा मीच वाटला होता. पण बायको घरात नसली की माणसाला एवढंही आठवत नाही.

मी विचारलं, मग तुला घरी आल्यावर काय हवं होतं?

"तुमच्या हातचा चहा," ती म्हणाली. "तिथं रोज संध्याकाळी तेवढाच आठवतोय."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. रिकामं भांडं एकही नव्हतं. शेवटी तिनंच चहाचं भांडं उचललं आणि रिकामं केलं, माझ्या डोक्यावर. मग अंगणातल्या दगडावर बसवून कुकर ओतला, पातेली ओतली, कळशा ओतल्या. वाहून जाणारं पाणी सारजाबाईंनी घाईघाईनं आपल्या शेवग्याच्या आळ्याकडे वळवलं. शिवकन्या मला खसाखसा घासत होती, बडबडत होती आणि मला वाटत होतं, हे हंडे संपूच नयेत. इतक्या दिवसांत तिचा हात अंगाला लागला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते साबणाच्या नावावर खपून गेलं.

चहा झाला, गप्पा झाल्या. सकाळी टेम्पो नेमका वेळेवर आला आणि ती गेली. भांडीही रिकामी, घरही रिकामं.

संध्याकाळी तिचा फोन आला. छावणीतल्या बाया म्हणे तिला घेरून बसल्या होत्या, इतक्या दिवसांनी नवऱ्याकडं जाऊन काय केलंस म्हणून. माझा जीव सुपाएवढा झाला. मी हळूच विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"काय सांगणार?" ती म्हणाली. "म्हनलं, हितं एक म्हस धुते, तिथंबी एक धुऊन आले."