फिल्टरची रिंग

सासरे संध्याकाळी गाडी बघायला येणार, म्हणून जावयाने दुपारी गाडीखाली टॉर्च मारला. तेलाच्या फिल्टरला एक थेंब लोंबत होता.

गाडी मुळात सासऱ्यांची. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती याला दिली, पण जीव काही तिच्यातून काढून घेतला नाही. "सांभाळणं जमत नसेल तर सांगा, धाकटे जावई न्यायला तयार आहेत," असं ते प्रत्येक फोनवर बजावत. धाकटे जावई, म्हणजे याचे साडू, स्कूटरसुद्धा स्वतःच्या रुमालाने पुसणारे गृहस्थ. गाडी त्यांच्या दारात उभी आहे, या नुसत्या कल्पनेने याला घाम फुटे.

"गॅरेजवाल्याला बोलवा ना," बायको म्हणाली.

"तो उद्या येतो म्हणतोय. आणि फिल्टरच्या तोंडाची एवढीशी रबरी रिंग तर बदलायचीय! जुनी काढायची, नवी बसवायची."

"मग मघापासून तेच तेच व्हिडिओ कशाला बघताय?"

त्याने दुकानातून रिंग आणि तेलाचा डबा आणला आणि गाडीखाली शिरला. फिल्टर सैल होताच तेलाची पहिली धार थेट बाहीत गेली. फिल्टरबरोबर जुनी रिंग सुटून आली. त्याने नवी बसवली, तिला तेलाचं बोट लावलं, फिल्टर घट्ट पिळला, सांडलेलं तेल भरून काढलं आणि मोठ्या ऐटीत इंजिन सुरू केलं.

"अहो, बंद करा!" बायको गॅलरीतून ओरडली. "गेटपर्यंत ओघळ चाललाय!"

थेंबाच्या जागी आता धार लागली होती. त्याने रद्दी पसरली, ती भिजली. हाताला लागला तो टॉवेल टाकला. तो बाबांसाठी काढून ठेवलेला नवा टॉवेल होता, हे बायकोने वरूनच सांगितलं. त्याने फिल्टर आणखी पिळला, उरलंसुरलं तेल ओतलं, पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा धार. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सासरे उतरले.

त्यांनी तेल बघितलं, टॉवेल बघितला आणि सगळ्यात शेवटी जावई बघितला.

"जावईबापू, जुनी रिंग काढली होतीत का?"

"काढली ना, बाबा! ही काय."

"मग अशी धार लागेलच कशी? सरका. माझ्या गाडीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही मी. सगळं स्वतः केलंय."

ते कपड्यांची पर्वा न करता खाली बसले. फिल्टर काढला, इंजिनाच्या कडेवरून बोट फिरवलं, नख लावून खरवडलं. लोखंडासारखी काळीठिक्कर पडलेली आणखी एक रिंग सोलून बाहेर आली.

"बघा!" ते विजयी सुरात म्हणाले. "खाली दुसरीच चिकटून बसलीय, दोन रिंगांमधून तेल गळणारच! मागे कधीतरी जुनी न काढताच तिच्यावर नवी चढवली. कुठल्या गाढवाने हा उद्योग..."

वाक्य अर्धवट सोडून त्यांनी ती रिंग उलटसुलट करून बघितली.

जावयाने टायरकडे बघायला सुरुवात केली. खाली आलेल्या बायकोला मात्र तेवढं सुचलं नाही. "पण बाबा, या गाडीला तर तुमच्याशिवाय कुणीच..."

"पाणी आण जरा," सासरे म्हणाले.

ती आत गेली. सासऱ्यांनी ती काळी रिंग रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि जावयाच्या तेलकट खांद्यावर हात ठेवला.

"गाडी तुमच्याकडेच शोभते. धाकट्यांना मी सांगतो, आता विषय बंद." मग आवाज हळू करून म्हणाले, "तुम्हीही त्यांना काही सांगू नका."